बाळाला सांभाळायला घरी मावशी की पाळणाघर? ठरवण्याआधी करायची कामं

रजा संपायला महिना उरला की घरात एकच विषय फिरायला लागतो: बाळाला कोण बघणार? मग जो तो आपापलं उदाहरण घेऊन येतो. कुणाकडच्या मावशींनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, कुणाकडच्या पंधराव्या दिवशी न सांगता गेल्या. कुणाचं मूल पाळणाघरात आठवड्यात रमलं, कुणाचं सहा महिने नाक गळत बसलं. सगळी उदाहरणं खरी असतात. तुमच्या कामाची मात्र क्वचितच, कारण त्या घरातले कामाचे तास वेगळे, बाळ वेगळं आणि मुख्य म्हणजे सांभाळणारी बाई वेगळी.

मी दोन्ही केलं. मुलगी सात महिन्यांची असल्यापासून दीड वर्षाची होईपर्यंत घरी मावशी आणि मग पाळणाघर. दोन्ही वेळा चूक एकच झाली. घर बरं की पाळणाघर बरं, याचा आम्ही आठवडेच्या आठवडे काथ्याकूट केला आणि माणूस मात्र घाईघाईत पसंत केला. आता कुणी विचारलं तर मी उलट्या क्रमाने सांगते. दिवसभर बाळाजवळ नेमकं कोण असणार, ते आधी बघा.

याला थोडा आधारही आहे. अमेरिकेत १९९१ साली एनआयसीएचडी या मुलांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक बाळांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू केला. मूल घरी राहिलं की केंद्रात, यापेक्षा घरातलं वातावरण आणि आईवडिलांचं वागणं याचा प्रभाव मोठा दिसला. सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल तर भाषा आणि आकलन थोडं पुढे होतं. केंद्रात फार जास्त तास गेलेल्या मुलांमध्ये हट्ट आणि मारामारी थोडी जास्त नोंदली गेली. दोन्ही फरक लहानच होते. दर्जा म्हणजे तिथे रंगवलेल्या भिंती किंवा खेळण्यांचा ढीग नव्हे. मूल रडलं की कोण उचलतं, किती लवकर उचलतं, त्याच्याशी बोलतं का, हे त्यात आलं.

आधी स्वतःचा दिवस कागदावर मांडा

घराबाहेर पाऊल टाकण्यापासून परत घरात पाऊल टाकेपर्यंतचे तास मोजा. नोकरीचे नऊ, जाऊनयेऊन दीड, मीटिंग लांबली तर अर्धा, म्हणजे झाले अकरा. या आकड्याकडे जरा वेळ बघा. रविवारी घरात दोघं असूनही रांगत्या बाळामागे संध्याकाळपर्यंत आपला पिट्ट्या पडतो. घरी येणारी मावशी हेच काम अकरा तास एकटीने करणार असते. तिला जेवायचं असतं, बाथरूमला जायचं असतं, मधे पाठ टेकायची असते. पाळणाघरात निदान एकीच्या हातून दुसरी बाळ घेऊ शकते. तास नऊच्या वर जात असतील आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर एकट्या मावशीच्या भरवशावर राहू नका असंच मी म्हणेन. दोघांच्या कामाच्या वेळा थोड्या पुढेमागे करून तिचे तास कमी होत असतील, तर गोष्ट वेगळी.

याउलट कामाच्या वेळा ठरलेल्या नसतील, रात्रपाळी असेल, अचानक दौरे निघत असतील, तर पाळणाघराचं घड्याळ तुम्हाला झेपणार नाही. दार बंद व्हायची वेळ एकदा उलटून गेली की आत एकटंच राहिलेलं मूल आणि पर्स खांद्याला लावून उभी असलेली ताई हे दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. मी ते तीनदा बघितलंय.

कागदाच्या मागच्या बाजूला बिघडलेले दिवस लिहा. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उशीर झाला, किती वेळा बाहेरगावी जावं लागलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन आल्यावर तासाभरात बाळापर्यंत पोचू शकेल अशा एका माणसाचं नाव. मावशी आजारी पडणार, पाळणाघर तापाच्या मुलाला परत पाठवणार, हे दोन्हीकडे ठरलेलंच आहे. तिथे लिहायला नावच नसेल, तर आधी ते शोधा. बाकीचं नंतर.

बाळाचं वय काय सांगतं

वर्षाच्या आतल्या बाळाला मित्रमंडळी नको असतात. त्याला एक ओळखीचा चेहरा हवा असतो आणि स्वतःच्या भुकेप्रमाणे, झोपेप्रमाणे चालणारा दिवस. घरी हे सोपं जातं. पाळणाघरातही जमतं, पण हाताशी माणसं पुरेशी असतील तरच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि तिथली सार्वजनिक आरोग्य संघटना यांनी केंद्रांसाठी सुचवलेलं प्रमाण असं आहे: वर्षापर्यंतच्या ३ बाळांमागे एक सांभाळणारी, तेरा महिने ते तीन वर्षं या वयात ४ मुलांमागे एक, तीन वर्षांच्या ७ मुलांमागे एक. ही शिफारस आहे, सगळीकडचा नियम नाही. पण एका बाईच्या अंगावर सहा तान्ही बाळं दिसली, तर काहीतरी चुकतंय एवढं कळायला हे आकडे पुरतात.

साधारण आठव्या महिन्यापासून बाळ अनोळखी माणसाला बघून रडायला लागतं. आई नजरेआड झाली की घाबरतं. हा काळ दीड वर्षापर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. त्यात काही गैर नाही. आपलं माणूस कोण हे त्याला कळायला लागल्याची ती खूण आहे. सुरुवात नेमकी याच काळात करावी लागली तर करा, फक्त रुळवायला दुप्पट वेळ धरा. दोन-अडीच वर्षांनंतर पारडं हळूहळू पाळणाघराकडे झुकतं, कारण तोपर्यंत मूल दुसऱ्या मुलांच्या खेळात खरोखर रस घ्यायला लागलेलं असतं.

हिशेब वर्षाचा करा

महिन्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले की फसगत होते. मावशींच्या पगारात भरपगारी रजा, सणाला द्यायचे जादा पैसे, वर्षाने द्यायची वाढ आणि त्या सुट्टीवर गेल्यावर करायची पर्यायी सोय धरा. पाळणाघराच्या फीमध्ये प्रवेश शुल्क, अनामत, उशिराचा दंड, मूल आजारी असतानाही भरावी लागणारी फी आणि अशा दिवशी तुमची बुडणारी रजा धरा. दुसरं मूल असेल तर चित्र पालटतं. घरी दोघांसाठी पगार थोडा वाढतो, पाळणाघराची फी जवळजवळ दुप्पट होते.

मावशी शोधताना

ओळखीतून आलेलं नाव असलं तरी आधीच्या किमान दोन घरांशी स्वतः बोला. "बाई कशा होत्या?" असं विचारलं की "चांगल्या होत्या" एवढंच ऐकू येतं. "त्यांनी काम का सोडलं?", "शेवटचा महिना कसा गेला?", "मुलाला पुन्हा त्यांच्याकडे ठेवाल का?" असं विचारा. शेवटच्या प्रश्नानंतर पलीकडचं माणूस जरा जास्तच वेळ थांबलं, तर त्या थांबण्यातच उत्तर आलं. ओळखपत्राची प्रत घ्या, पत्ता खात्रीचा करा आणि स्थानिक पोलिसांकडे पडताळणीची सोय असेल तर ती करून घ्या.

मावशी भेटायला आल्या की प्रसंग सांगून विचारा. मी नेहमी एक प्रसंग सुचवते: "बाळ तासभर रडतंय. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, तरी थांबत नाही. तुम्ही काय कराल?" खांद्यावर घेईन, फिरवीन, अंगाई म्हणेन, हे सगळ्याच जणी सांगतात. "मग तरीही थांबलं नाही तर?" असं पुढे विचारा. "फार झालं तर पाळण्यात नीट ठेवून दोन मिनिटं बाहेर जाईन, पाणी पिईन आणि तुम्हाला फोन करीन" म्हणणारी बाई मला सगळ्यात भरवशाची वाटते. आपला संयम संपू शकतो हे तिला ठाऊक असतं. बाळाला रागाच्या भरात हलवणं मेंदूला जीवघेणी इजा करू शकतं, हे तर प्रत्येकीला स्पष्ट शब्दांत सांगाच. "माझ्याकडे कुठलंच बाळ रडत नाही" या उत्तराला भुलू नका.

मग दोन-तीन दिवस पगार देऊन चाचणीला बोलवा आणि तुम्ही घरातच थांबा. लंगोट बदलताना नीट बघा. एक बाई बाळाला उचलते, आडवं करते, पुसते, बांधते, सगळं झटपट आणि नीटनेटकं. दुसरी आधी बाळाच्या नजरेसमोर येते, "चला, ओलं झालं ना, बदलूया" म्हणते, त्याने पाय झाडले की थांबते आणि मग हात लावते. कामाला लागलेला वेळ जवळपास सारखाच. दिवसातून सात-आठ वेळा, महिनोन् महिने ती बाळाला काय सांगत असते, यातला फरक मात्र फार मोठा.

काम ठरलं की कागदावर लिहा: वेळ, सुट्ट्या, पगाराची तारीख, आजारपणाची रजा, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. घरकाम किती, हेही लिहा. सुरुवातीला "बाळ झोपलं की जरा भांडी बघा" म्हणतो, मग कपडे येतात, मग केर, आणि सहाव्या महिन्यात बाळ मोबाइलसमोर बसलेलं असतं कारण मावशी ओट्याशी असतात. आमच्याकडे अगदी असंच झालं आणि चूक आमची होती. बाळाची खोली आणि बाळाचे कपडे यापलीकडचं काम ठेवायचं असेल तर त्यासाठी दुसरं माणूस बघा.

घरात कॅमेरा असेल तर त्यांना सांगा. लपवलेला कॅमेरा सापडला की त्या दिवसापासून कॅमेऱ्यासाठीच काम होतं. आणि त्यांचं स्वतःचं मूल या वेळी कुणाजवळ असतं, ते एकदा आपुलकीने विचारा. तिकडची सोय कच्ची असेल तर त्यांच्या सुट्ट्या तुमच्या वाट्याला येणारच.

काही नियम पहिल्याच दिवशी सांगायचे. बाळाला झोपवताना पाठीवरच, घट्ट गादीवर, भोवती उशा-खेळणी नकोत. अमेरिकेत १९९२ साली पाठीवर झोपवण्याची शिफारस झाली, १९९४ पासून तिचा मोठा प्रचार झाला आणि तान्ह्या बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. घरी पाठीवर झोपायची सवय असलेल्या बाळाला नव्या माणसाने एकदम पालथं झोपवणं जास्त धोक्याचं असतं, म्हणून हे गृहीत धरू नका, बोलून घ्या. बाळाला टबात किंवा बादलीजवळ क्षणभरही एकटं सोडायचं नाही. वर्षाच्या आत मध नाही. विचारल्याशिवाय औषध नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर असेल, तर थेट डॉक्टर.

आईचं दूध काढून ठेवणार असाल तर बाटलीवर वेळ लिहा. खोलीच्या साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ते चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाळाचं उष्टं राहिलेलं दूध दोन तासांत संपवा किंवा टाकून द्या.

पाळणाघर बघताना

पहिली भेट वेळ ठरवून घ्या, दुसरी न सांगता. दुसरी संध्याकाळी, बंद व्हायच्या तासभर आधी. सकाळी दहाला कुठलंही पाळणाघर गोजिरवाणं दिसतं. संध्याकाळी मुलं किरकिरी झालेली असतात, निम्म्या ताया घरी गेलेल्या असतात, आणि जागेची खरी ओळख तेव्हाच होते. न सांगता आलेल्या पालकांना आत येऊच देत नसतील, तर यादीतून ते नाव काढा. नव्या माणसाला सगळीकडे मोकळं फिरू देऊ नये हे ठीक, पण दाखल असलेल्या मुलाच्या आईवडिलांना कधीही येता आलं पाहिजे.

आत गेल्यावर मुलं मोजा, माणसं मोजा. "आमच्याकडे आठ जणींचा स्टाफ आहे" या वाक्यात स्वयंपाकघरातली बाई आणि ऑफिसातल्या मॅडमही असू शकतात. बाळांच्या खोलीत त्या क्षणी किती जणी आहेत, तेवढंच मोजा. मग "या खोलीतल्या ताई किती दिवसांपासून आहेत?" असं विचारा. हे संचालिकेला न विचारता त्या ताईंनाच विचारा. दर चार महिन्यांनी माणसं बदलत असतील, तर बाळाला दर चार महिन्यांनी नव्याने ओळख करावी लागणार.

भोवती कान द्या. सगळा आवाज मोठ्यांचाच आहे का? ताई मुलांशी खाली बसून, नावाने बोलतात की दाराशी उभ्या राहून सगळ्यांना एकत्र हाका मारतात? टीव्ही चालू आहे का? एखादं मूल कोपऱ्यात रडतंय तर किती वेळाने कुणी जवळ जातं? घड्याळ बघा, खरोखर बघा.

बाकीचं पटपट विचारून घ्या: बाहेर पडायची दुसरी वाट, आगीचं साधन, खिडक्यांच्या जाळ्या, प्रथमोपचार शिकलेलं कुणी आहे का, लंगोट बदलल्यावर हात धुतात का, मूल न्यायला कुणाकुणाला परवानगी आणि ती कशी तपासतात, नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर त्याचा कागद. सीसीटीव्ही असला तर बरंच, पण त्यावर मूल पडलेलं दिसतं, ते पडू नये म्हणून धावत कोण आलं असतं ते दिसत नाही.

एक प्रश्न मात्र नीट बसून विचारा: "मुलाने चावलं किंवा ऐकलं नाही, तर तुम्ही काय करता?" उत्तरात अंधारी खोली, खाणं न देणं, इतरांसमोर लाजवणं यातलं काहीही, हसत हसत का होईना, आलं तर उठा.

घरगुती पाळणाघर

एखादी बाई स्वतःच्या घरी चार-पाच मुलं सांभाळते, ही मधली वाट बऱ्याच जणांच्या सोयीची ठरते. घरपण असतं, मुलंही असतात. वर सांगितलेलं बरंचसं इथेही लागू. फक्त दोन गोष्टी जास्तीच्या: त्या घरात दिवसभर आणखी कोण कोण असतं, कोण येतं-जातं, आणि त्या बाईंना ताप आला तर त्या दिवशी काय?

आजारपणाची तयारी

पाळणाघरातलं पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचं असतं. यावरून घरात भांडणं होतात, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं. अमेरिकेत टुसॉन इथे मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मोठ्या गटाच्या पाळणाघरात गेलेल्यांना वयाच्या दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, पण सहा ते अकरा या वयात इतरांपेक्षा कमी. तेराव्या वर्षापर्यंत फरक उरला नाही. म्हणजे सर्दीचा हप्ता आज भरा किंवा शाळेत गेल्यावर. पण बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. अशा बाळासाठी पहिलं वर्ष घरी काढण्यात अर्थ असू शकतो.

रुळवताना घाई नको

जर्मनीत पाळणाघरांमध्ये बर्लिन पद्धत म्हणून एक रीत वापरतात, मला ती फार आवडते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा बाळाबरोबर तिथेच, तासभर, आणि सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर, फार तर अर्धा तास. ताईंच्या जवळ घेण्याने बाळ शांत झालं, तर हळूहळू वेळ वाढवायचा. नाही झालं, तर आणखी काही दिवस थांबून पुन्हा बघायचं. काही बाळं आठवड्यात रुळतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. तुमच्या पाळणाघराला ही पद्धत माहीत नसली तरी एवढं मागता येतं. घरी येणाऱ्या मावशींबरोबरही हाच क्रम ठेवा. म्हणजे रजेचे शेवटचे तीन आठवडे यासाठी राखून ठेवावे लागतात. आम्ही तीन दिवस ठेवले होते.

निरोप घेतल्याशिवाय सटकू नका. बाळ खेळात असताना हळूच निघून जाणं सोपं वाटतं, पण मग ते खेळायचंच सोडतं, कारण मान खाली घातली की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. "मी जाते, झोप झाली की येते" असं सांगून जा, रडलं तरी जा, आणि खरंच झोप झाली की या.

पहिले दीड-दोन महिने काय बघाल

सोडताना रडणं चालतं. दहा-पंधरा मिनिटांनी थांबलं का, एवढं फोनवर विचारा. न्यायला गेल्यावर तुम्हाला बघून रडणंही चालतं. दिवसभर धरून ठेवलेलं आता तुमच्यापाशी सोडलेलं असतं. पण महिन्यानंतरही दिवसभर गप्प बसून राहणं, खाणं-झोप कायमची बिघडणं, एका ठरावीक माणसाला बघून अंग आक्रसणं, न समजणारे वळ किंवा जखमा, आणि विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

आमच्या पाळणाघराच्या वहीत रोज "सगळं छान, सगळं खाल्लं" असंच लिहिलेलं असायचं. रोज. मुलीने ज्या दिवशी घरी आल्या आल्या तीन वाट्या भात खाल्ला, त्या दिवशीही. मग मी विचारायची पद्धत बदलली. "आज कशावर हसली?", "आज कशावर रडली?" एका ताईंना दोन्ही लगेच सांगता यायचं. दुसऱ्या वहीत बघायच्या. आम्ही पहिल्या ताईंचा गट मागून घेतला आणि वही वाचायचं बंद केलं.

व्यवस्था बदलावी लागली तर

बदल म्हणजे तुमचं अपयश नाही, मुलाचं वय पुढे गेलेलं असतं. पण मूल ज्या माणसाजवळ रोज नऊ तास होतं, ते माणूस एका सोमवारी नाहीसं होऊ देऊ नका. आमच्याकडे मावशींचे शेवटचे दोन आठवडे आणि पाळणाघराचे पहिले दोन आठवडे एकच ठेवले. सकाळी मावशीच तिला तिथे घेऊन जायच्या आणि शेजारी बसायच्या. दोन आठवड्यांचा दुप्पट खर्च झाला. शेवटच्या दिवशी मावशींनी तिची पाण्याची बाटली ताईंच्या हातात दिली आणि सांगितलं, "हिला पाणी हवं असलं की ही मागत नाही, कान ओढते." पाळणाघराच्या फॉर्मवरच्या चार पानांत हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.